घरावर कविता लिहायची तर आधी बंगईला बंगई म्हण

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या इतवारीतलं आजोबांचं घर दोन वर्षांपूर्वी बिल्डरला गेलं. प्रश्न विचारणारी मुलगी सहा वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहे, घरावर कविता लिहायला बसते, कविता होते, ऐकणारे छान म्हणतात, आणि तिला स्वतःला ती परत वाचताना काहीच होत नाही. "ताई, डोळे मिटले की मला ते घर दिसतं, मग कागदावर ते कोणाचंही घर का होऊन जातं?" असं तिनं विचारलं आणि सोबत या दोन ओळी दिल्या:

आठवणींच्या हिंदोळ्यावर झुलते माझे घर
मायेच्या त्या सावलीला नाही कशाची सर

जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. मी पस्तीस वर्षं कविता लिहितेय, त्यातली वीस वर्षं नागपुरात शनिवारी संध्याकाळी लिहिणाऱ्या मुलामुलींना घेऊन बसते, आणि कोणाच्याही पहिल्या चार कवितांत एक तरी घरावर असतेच, आणि बहुतेक वेळा तीच फसलेली असते. प्रेम कमी असतं असं अजिबात नाही. प्रेम इतकं असतं की लिहिणाऱ्याला वाटतं, 'घर' लिहिलं की झालं, समोरच्याला सगळं दिसलंच. त्याला काहीच दिसलेलं नसतं, त्याला त्याचं स्वतःचं घर आठवतं आणि तो छान म्हणतो. तुला जे छान मिळतंय ते तिथून येतंय, म्हणून ते तुझ्यापर्यंत पोचत नाही.

आता तुझ्या ओळी बघू. लय ठीक आहे, यमक जुळलंय, म्हणायला गोड लागतात. पण बघायला काय आहे त्यात? हिंदोळा आणि सावली. मी तुला विचारलं की तुमच्या घरी हिंदोळा होता का, तर तुझं उत्तर मिनिटभरात आलं, "नाही ताई, बंगई होती, आजोबांची, समोरच्या खोलीत." बंगई! पुण्यामुंबईकडे झोपाळा म्हणतात, आपल्याकडे बंगई. हा शब्द तुझ्या जिभेवर होता, विचारल्याबरोबर आला, आणि कविता लिहायला बसल्यावर तू तो बाजूला सारून हिंदोळा घेतलास, जो तुझ्या घरात कोणी एकदाही उच्चारला नसेल. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. कवितेत घर येत नाही कारण घराची भाषा तू दाराबाहेर चपलांजवळ ठेवून आत आलीस.

हे मी अधिकारानं सांगतेय कारण माझ्या हातून हेच झालंय. मी नागपूरच्या महाल भागात वाढले, एका वाड्यात दोन खोल्या भाड्याच्या, नळ खाली, सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एक. वीस-एकवीस वर्षांची असताना मी घरावर एक मोठी कविता लिहिली, तिच्यात तुळशीवृंदावन होतं, सडारांगोळी होती, समईचा उजेड होता. आईला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "हे कोणाचं घर आहे?" तिला खरंच कळलं नव्हतं. आमची तुळस डालड्याच्या डब्यात होती, पिवळ्या डब्यावरचं हिरवं झाड अर्धं खरवडून गेलेलं, डब्याला खाली खिळ्यानं पाडलेली तीन भोकं, आणि पाणी टाकलं की खालच्या बिऱ्हाडाच्या वाळवणावर ठिबकायचं म्हणून आई रात्री सगळे झोपल्यावर तुळशीला पाणी टाकायची. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी वृंदावन लिहिलं, कारण मला वाटलं कवितेत डालडा चालत नाही. आईचा तो प्रश्न मी आजही प्रत्येक कवितेला विचारते, हे कोणाचं घर आहे.

म्हणून पहिलं काम कवितेचं नाहीच. एक वही घे आणि फक्त तुमच्या घरात बोलले जाणारे शब्द लिही. आपल्याकडे हे सोपं जातं कारण आपली बोली अजून जिवंत आहे. सांबार म्हणजे कोथिंबीर. फल्ली म्हणजे शेंगदाणे. कवेलू म्हणजे कौलं, गंज म्हणजे पातेलं, गुंड म्हणजे पाण्याची कळशी, आलू म्हणजे बटाटा, भेद्रं म्हणजे टोमॅटो, टोंगळा म्हणजे गुडघा, वावर म्हणजे शेत. मग त्याहूनही आतले शब्द, जे फक्त तुमच्याच घरात होते, एखाद्या खोलीचं नाव, एखाद्या भांड्याचं नाव, कोणाला कोणत्या नावानं हाक मारायचे, आजोबा रागावले की काय म्हणायचे. पन्नास तरी शब्द व्हायला पाहिजेत. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं दोनशेच्या वर काढले, त्यात एक शब्द होता 'मधली', म्हणजे दोन खोल्यांमधली ती चिंचोळी जागा जिथे अंथरुणं रचून ठेवायचे, आणि त्याची कविता त्या एका शब्दातून निघाली, वही बाकी तशीच राहिली.

पण बोली टाकायची म्हणून टाकू नको. काहून, पोट्टे, बाप्पा असे शब्द मसाल्यासारखे भुरभुरले की ऐकणारे हसतात, टाळ्या देतात, आणि तुझं घर गमतीची गोष्ट होऊन जातं. तुझी कविता प्रमाण मराठीत विचार करत असेल तर तशीच लिही, वस्तूंची नावं तेवढी घरची ठेव, आणि जिथे माणूस बोलतो तिथे त्याला त्याच्या तोंडचं बोलू दे. तू मला लिहिलं होतंस की पुण्यात पहिल्या महिन्यात तू रूममेटला फोनवर "मी जेवून राहिली" म्हणालीस आणि ती हसली, आणि तेव्हापासून तू ऑफिसात "मी जेवतेय" म्हणतेस आणि आईच्या फोनवर "जेवून राहिली". हे तू प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंस, आणि मला वाटतं घरावरच्या तुझ्या कवितेइतकंच हे मोठं आहे. आपलं कुठे आहे, परकं कुठे आहे, हे कोणत्या वाक्यात राहून जातं ते यात दिसतं. एका दिवसात दोन क्रियापदं वापरणारी बाई, तिच्यावर लिही.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, त्या म्हणायच्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं उतरवून घ्यायची. त्या १९५१ ला गेल्या आणि कवितांचं पुस्तक १९५२ ला आलं. खानदेशातली घरातली, शेतातली बोली होती ती, चुलीपाशी आणि वावरात जशी बोलतात तशीच, आणि ती सगळ्या महाराष्ट्राला कळली, कोणाला अडचण आली नाही. तेव्हा पुण्याच्या वाचकाला बंगई कळेल का याची काळजी करू नको. दुसऱ्या ओळीत त्याच्यावर कोणीतरी बसून पाय हलवू दे, कळतं.

आता तुझी बंगई घेऊ. मी विचारत गेले आणि तू सांगत गेलीस, ते असं. बंगईची डावी कडी वाजायची. आजी दर शनिवारी मारुतीला तेल घालायला जायची आणि घरी आली की उरलेलं तेल त्या कडीत सोडायची. एक दिवस कडी गप्प राहायची आणि मग परत सुरू. घर सोडायच्या दिवशी सागवानी पाट काकांनी टेम्पोत टाकून नेला, कड्यांसकट, आणि वरच्या तुळईत दोन हूक राहिले, ते तू बघितलेस आणि फोटो काढायचा राहून गेला. हे तू मला चार निरोपांत सांगितलंस, साध्या वाक्यात, आणि मला तेव्हा तुझं घर दिसलं. तुझी कविता मी लिहून देणार नाही, ती तुझी आहे, पण ओळी कशा बसू शकतात ते दाखवायला मी हे केलं:

बंगईची डावी कडी वाजायची.
शनिवारी मारुतीला तेल घालून आली
की उरलेलं आजी तिच्यात सोडायची.
रविवारी दुपारपर्यंत कडी गप्प.

पाट काकांनी नेला, कड्यांसकट.
तुळईत दोन हूक राहिले.
रजिस्ट्रीत त्यांची नोंद नाही.

यात आठवण हा शब्द नाही, माया नाही, घर हा शब्दसुद्धा नाही. पण आजी आहे, तिचा शनिवार आहे, देवाचं उरलेलं तेल घरात वापरायची तिची काटकसर आहे, आणि वाटणी आहे. शेवटची ओळ मला लिहिल्या दिवशी फार आवडली. दुसऱ्या दिवशी मी ती काढून टाकली. नीट बघ, 'तुळईत दोन हूक राहिले' इथे मी त्या खोलीत उभी आहे, वर बघतेय, आणि 'रजिस्ट्रीत नोंद नाही' इथे मी खोलीतून निघून स्टेजवर येऊन उभी राहिलेय. ती टाळीची ओळ आहे. घरावरच्या कवितेला टाळीची ओळ मिळाली की आधीच्या सगळ्या ओळी तिची तयारी होऊन बसतात, आजीसुद्धा. तू तुझ्या पद्धतीनं ठरव, पण मी असते तर हुकांवर थांबले असते.

अजून एक गोष्ट यात मुद्दाम दाखवायची होती, क्रियापदं. मराठीत आठवणींवर लिहिणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे '-यची', '-यचा'. आजी गोष्टी सांगायची, आई भाकरी थापायची, बाबा पेपर वाचायचे, आम्ही गच्चीवर झोपायचो. रोज घडायचं ते रोजच घडायचं, म्हणून कोणत्याच दिवशी घडलं नाही असं वाटतं, सगळ्यावर एक धुकं येतं, आणि त्या धुक्यालाच आपण कविता समजतो. वरच्या ओळींत पहिल्या कडव्यात वाजायची, सोडायची आहे आणि दुसऱ्यात नेला, राहिले. म्हणजे वर्षानुवर्षं चाललेलं काहीतरी एका दिवशी संपलं, आणि ते संपलं असं मला वेगळं सांगावं लागलं नाही, क्रियापदानंच सांगितलं. तुझी जुनी कविता काढ, पेन्सिलीनं सगळ्या '-यची'ला गोल कर, आणि त्यातल्या निम्म्यांच्या जागी एक तारीख, एक वार, एक दुपार आण. गच्चीवर झोपायचो, ठीक आहे, पण कोणती रात्र? ज्या रात्री पाऊस आला आणि गाद्या ओढत सगळे खाली पळाले आणि आत्या एकटी वरच राहिली, ती.

आता ऊन. नागपूरचा माणूस घरावर लिहितो तेव्हा उन्हाळा येणारच, आला पाहिजे, ४५-४६ डिग्रीत वाढलेल्या माणसाची आठवण उन्हाशिवाय कशी होईल. पण 'रणरणतं ऊन' लिहून काही होत नाही. कूलर लिही. मार्च संपता संपता माळ्यावरून काढलेला कूलर, त्याच्या गवताच्या नवीन ताट्या, पहिल्यांदा पाणी पडल्यावर येणारा तो ओल्या गवताचा वास, खिडकीत बसवताना बाबा आणि काकांची होणारी दरवर्षीची तीच बाचाबाची. आणि मुख्य म्हणजे पाणी टाकायची पाळी कोणाची. मला घराशी असलेलं नातं या पाळीत जितकं दिसतं तितकं कुठे दिसत नाही. एक मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा मे महिन्यात माहेरी आली, दुपारी सवयीनं बादली घेऊन कूलरकडे निघाली, आणि वहिनी म्हणाली, "राहू द्या ताई, तुम्ही बसा." तेवढंच झालं. तिनं बादली खाली ठेवली. त्या बादलीवर तिनं अकरा ओळी लिहिल्या आणि आमच्या खोलीतल्या चार बायका रडल्या, कारण प्रत्येकीच्या हातातून कोणीतरी कधीतरी बादली घेतलेली होती, प्रेमानंच घेतलेली होती.

बायकांच्या बाबतीत तर 'तुझं घर कोणतं' हा प्रश्नच सोपा नाही, आणि मराठीतली घरावरची सगळ्यात मोठी कविता यातूनच आली आहे, जात्यावरच्या ओव्या. पहाटे दळताना माहेर आठवायचं, भाऊ आठवायचा, आणि बसलेली सासरी. त्या ओव्यांत 'मला माहेरची आठवण येते' असं भाषण नसतं, भाऊ येणारा रस्ता असतो, त्याच्यासाठी काय रांधलं ते असतं, साडीचा रंग असतो. हात दळण्यात गुंतलेले, म्हणून ओळ श्वासाएवढी. वाचायला मिळतील तेवढ्या वाच आणि मोठ्यानं म्हण.

छंदाचं विचारलं होतंस म्हणून थोडक्यात. अष्टाक्षरी सुरुवातीला छान, ओळीला शिस्त लागते, पण अक्षरं भरायला 'त्या', 'हा', 'मम' घुसायला लागले की समज की छंद घर चालवतोय. अभंगाचा सहा-सहा-सहा-चार हा साचा मला घरासाठी फार आवडतो, शेवटच्या चार अक्षरांत आपोआप थांबावं लागतं. गझलेत प्रत्येक शेर सुटा, म्हणजे प्रत्येक शेर एक खोली होऊ शकते, पण 'घर' हा रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी परत परत येणारा शब्द, घेऊ नकोस, प्रत्येक दोन ओळींनी तोच शब्द वाजतो आणि पाचव्या शेरापर्यंत त्यातला जीव जातो. गझलकार सुरेश भट जन्मले अमरावतीत पण राहिले नागपुरात, रेशीमबागेतल्या मोठ्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. कवी ग्रेस तर इथलेच. या गावात लिहायला लागलेल्या पोरापोरींच्या कानात हे दोघं आधीच येऊन बसलेले असतात. ऐक, शिक, पण घरावर लिहिताना ग्रेसांसारखी धूसर प्रतिमा घ्यायचा मोह झाला की स्वतःला विचार, मला हे असंच दिसतंय की मला नीट आठवत नाही म्हणून मी धूसर करतेय. नीट आठवत नसेल तर तसं सरळ लिही, त्यात कमीपणा काही नाही. तुझ्यासाठी मला मुक्तछंद बरा वाटतो, कारण तुझी साधी वाक्यं तुझ्या यमकांपेक्षा चांगली आहेत.

तू लिहिलंस की घराच्या गॅलरीतून मारबत, म्हणजे मिरवणुकीनं नेतात तो मोठा पुतळा, दिसायची आणि ती कवितेत आणायची आहे. आण ना. पण तू पाठवलेल्या दुसऱ्या मसुद्यात मारबतीवर चार ओळी माहितीच्या आहेत, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, रोगराई आणि वाईट चालीरीती घेऊन जाते वगैरे. माहिती बरोबर आहे, पण ती बाहेरच्या माणसाला शहर दाखवणाऱ्याची माहिती आहे. ज्याचं घर त्या रस्त्यावर आहे त्याला साल आठवत नाही, त्याला आठवतं की त्या दिवशी गॅलरीत कोण कोण मावायचं, कोणत्या पाहुण्यांना वर्षातून एकदाच याच दिवशी आमची आठवण व्हायची, आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडताना आजी मनात कशाचं नाव घ्यायची. हे शेवटचं तुला माहीत नाही, तू तसं म्हणालीस. मग तेच लिही, की आजी ओठ हलवायची आणि आवाज तिनं मला कधी ऐकू दिला नाही.

शहर कवितेत येताना नेहमी घरातल्या कामातून येऊ दे. एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली, आता त्या जागी मॉल आहे, आणि त्या बदलावर 'भोंगा थांबला, संस्कृती संपली' अशा कविता मी ढिगानं ऐकल्यात. मिलमधल्या एका कामगाराच्या मुलीनं मात्र एवढंच लिहिलं की आई भोंग्यावर भात टाकायची, आणि भोंगा बंद झाल्यावर घरात पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ विकत आणलं, आणि कितीतरी दिवस भात कधी कच्चा राहिला, कधी लागला. मला त्या कवितेत मिलचा पूर्ण शेवट दिसला.

एक गोष्ट जास्त गंभीरपणे सांगायची आहे. घर, गाव, माती हे शब्द सगळ्यांसाठी गोड नाहीत, आणि मराठी कवितेनं बराच काळ ते गोड आहेत असं धरून लिहिलं. नागपूरच्या इंदोऱ्यातला एक मुलगा माझ्याकडे यायचा, आजीच्या गावावर लिहायचा, नदी, आंबराई, पायवाट. मी म्हटलं आजीला विचारून ये की तिला गावातलं काय आठवतं. तो पुढच्या शनिवारी आला तो वही न उघडताच बसून राहिला. आजी म्हणाली होती, "कायले आठवू त्या गावाले? विहिरीवर जाऊ देत नव्हते आपल्याले." १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जी लाखो माणसं आली त्यांत ती होती, आईच्या कडेवर नाही, स्वतःच्या पायानं चालत, आणि नंतर काही वर्षांनी तिनं गाव कायमचं सोडलं. तिचं घर म्हणजे इंदोऱ्यातल्या दोन खोल्या, आणि त्यातही तिला सगळ्यात प्रिय काय, तर दाराशेजारचं लाइटचं मीटर, कारण बिल तिच्या नावानं यायचं. बिल आलं की ती नातवाला नाव मोठ्यानं वाचायला लावायची. त्यानं आंबराई फाडून टाकली आणि मीटर लिहिलं. तुझ्या घराबद्दलही हे विचार, ते घर कोणासाठी गोड होतं आणि कोणाच्या जिवावर गोड होतं.

आणि यासाठी एक काम दे स्वतःला, ज्यानं माझ्या स्वतःच्या कविता बदलल्या. घराचा नकाशा काढ. कागदावर, पट्टी न घेता, दारापासून सुरुवात. बंगई कुठे, देव कुठे, माठ कुठे, स्विचबोर्ड कुठे, कोणत्या भिंतीला पोपडे, कोणाचं कपाट, पावसात कुठे गळायचं आणि तिथे कोणता गंज ठेवायचे. मग प्रत्येक माणूस रात्री कुठे झोपायचा ते नाव लिहून टाक. तू हे आधीच केलंस आणि मला फोटो पाठवलास, आणि त्यात आजोबा समोरच्या खोलीत, काका-काकू वरच्या, तुम्ही मधल्या, आत्या आली की देवाच्या खोलीत, आणि आजीचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं तर तू बराच वेळ काही लिहिलं नाहीस, मग लिहिलंस, "ताई, खरंच आठवत नाही. मला वाटतं जिथे जागा असेल तिथे." 

तुझी कविता इथे आहे असं मला वाटतं. हुकांवरही नाही. दर शनिवारी कडीत तेल सोडणारी बाई त्या बंगईवर कधी बसलेली तुला आठवते का? मला तू सांगितलेल्या एकाही प्रसंगात ती बसलेली नाही. आजोबा बसतात, पाहुणे बसतात, तुम्ही मुलं लोंबकळता, आणि ती येते, तेल सोडते, जाते. मी हे तुझ्या आजोबांना दोष द्यायला म्हणत नाही, आपल्या सगळ्यांच्या घरांत हेच होतं, माझी आई बाराच्या आधी जेवलेली मला आठवत नाही. पण घर गेल्याचं दुःख लिहिताना त्या घरात जिची जागा ठरलेली नव्हती तिला आपण परत एकदा जागा न देता लिहून मोकळे होतो.

काकांबद्दल तू बरंच लिहिलंयस, पाट नेला, हिस्सा घेतला, आईला विचारलं नाही. राग खरा आहे, ते मला मान्य आहे. पण ते आत्ता कवितेत नको. वेगळ्या वहीत सगळं लिहून काढ, तारखेनिशी, आणि वही बंद करून ठेव. भांडण ताजं असताना लिहिलेल्या कवितेत घर एका बाजूचं साक्षीदार होतं. पाट नेला एवढं एक वाक्य पुरतं, आणि काका कधी वाचतील तर त्यांनाही ते नाकारता येणार नाही.

आठवणी तपासून घे, हेही राहिलं सांगायचं. तुला कडी डावी आठवते, भावाला विचार, तो उजवी म्हणेल, आणि आत्या म्हणेल की वाजायची ती बंगई नव्हतीच, दार होतं. घाबरू नको. कोणाचं खरं ते शोधण्यापेक्षा तिघांची तीन उत्तरं लिहून ठेव, कधीकधी कविता त्या तीन उत्तरांचीच होते. पण विचारल्याशिवाय लिहू नकोस, कारण विचारायला गेलं की माणसं भलतंच काहीतरी सांगतात, आणि ते भलतं आपल्याला घरी बसून सुचणारं नसतं.

आणि मोठ्यानं वाच. ऑफिसातल्या मित्रांसमोर नको, घरच्या एखाद्या माणसाला फोनवर वाचून दाखव, ज्यानं ते घर बघितलंय. 'छान' ऐकायला थांबू नकोस. त्यानं मधेच तोडून "नाही नाही, तो निळा नव्हता, हिरवा होता" असं म्हटलं तर समज की त्याला दिसलं.

तेव्हा आता असं कर. जुन्या दोन ओळी फाडू नकोस, ठेव, पण त्यावर काम करू नको. आत्याला फोन लाव, रविवारी दुपारी, तिला घाई नसेल अशा वेळी. आजी कुठे झोपायची ते विचार, आणि मारुतीला तेल कशात न्यायची, वाटीत की पळीत की पितळेच्या छोट्या गडूत, आणि उरलेलं तेल कडीत सोडताना बंगईवर बसलेले आजोबा उठायचे की तसेच बसून राहायचे. हे तिन्ही कळेपर्यंत दुसरं कडवं लिहू नकोस, आणि कळलं की मला आधी उत्तरं पाठव, कविता नंतर.